ढगातल्या कोठाराचे बिल आणि आपला खिसा



‘आरोग्य आणि अर्थ’ या सदरात आपण आयुर्विमा, मुलांच्या कॉलेजची तजवीज, मृत्युपत्र, मधुमेह असे विषय वाचतो. त्या पंगतीत ‘क्लाउड डेटा वेअरहाऊसचे बिल’ हे पान कोणी वाढले, असे काहींना वाटेल. पण इथल्या आपल्या घरांकडे जरा पाहा. घरटी एक जण तरी कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. काहींनी नोकरी सोडून स्वतःची छोटी कन्सल्टिंग कंपनी काढली आहे. काहींची मुले कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी क्लाउडवर खाते उघडतात आणि त्या खात्याला क्रेडिट कार्ड मात्र आईवडिलांचे असते. या तिन्ही घरांत एक बिल असे येऊ शकते की ज्याचा आकडा महिनाअखेरीपर्यंत कोणालाच ठाऊक नसतो. विजेचे किंवा गॅसचे बिल फार तर दुप्पट होईल. हे बिल वीसपट होऊ शकते. म्हणून हा विषय अर्थाच्या पानावर.

मी गेली अनेक वर्षे डेटाबेसचेच काम करतो आहे. मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे असताना या विषयावर मला जितके प्रश्न विचारले जातात, तितके शेअरबाजारावरसुद्धा विचारले जात नसतील. त्या सगळ्यांची उत्तरे एकदा लिहूनच काढावीत, म्हणून हा लेख.

हे कोठार म्हणजे काय?

डेटा वेअरहाऊस म्हणजे माहितीचे कोठार. दुकानाची रोजची विक्री, दवाखान्यातल्या भेटी, वेबसाइटवर आलेली गिऱ्हाइके, हे सगळे वर्षानुवर्षे एका जागी साठवायचे आणि मग त्याला प्रश्न विचारायचे: गेल्या तीन वर्षांत दिवाळीच्या आठवड्यात कोणता माल जास्त खपला? असा प्रश्न विचारण्याला क्वेरी म्हणतात. पूर्वी या कामासाठी कंपनी स्वतःची मोठी मशीन विकत घेई. मशीन लहान पडली तर काम रखडे, पण खर्च वाढत नसे. मशीनची ताकद हीच खर्चाची मर्यादा होती.

क्लाउडमध्ये मशीन भाड्याची आणि ताकद हवी तेवढी. गूगलचे बिगक्वेरी, स्नोफ्लेक आणि ॲमेझॉनचे रेडशिफ्ट ही यातली नावाजलेली नावे. सोय खरोखरच मोठी आहे. दोन माणसांच्या कंपनीलाही आज ती ताकद मिळते, जी पूर्वी फक्त मोठ्या बँकांकडे होती. पण मशीनबरोबर येणारी नैसर्गिक मर्यादा आता गेली. ती आपणच लावायची असते. बिल फुगण्याचे मूळ कारण एवढेच आहे.

दोष कोणाचा?

आमच्या ओळखीत एका पतिपत्नींची दहा माणसांची कंपनी आहे. एका गिऱ्हाइकाचे काम त्यांनी ठरलेल्या रकमेत घेतले होते. त्यांच्याकडे नव्याने लागलेल्या, एच-१ व्हिसावर असलेल्या मुलाने शुक्रवारी संध्याकाळी एक रिपोर्ट आपोआप ताजा होत राहील असा लावून दिला. पुढे सोमवारची सुट्टी होती. मंगळवारपर्यंत त्या रिपोर्टने जे बिल केले, त्यात त्या कामाचा सगळा नफा गेला. तो मुलगा रात्रभर झोपला नाही. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा नाहीतर परत जा, ही टांगती तलवार त्याच्या डोक्यावर होती.

मालकिणीने मला विचारले, “दादा, याला काढावे का?” मी एवढेच विचारले, की खात्यावर मर्यादा लावलेली होती का? नव्हती. खाते कोणाच्या नावावर? त्यांच्याच. मर्यादा लावण्याचा अधिकार त्या मुलाला होता का? नव्हता. मग काढायचे कोणाला? तो मुलगा आज तिथेच आहे आणि मर्यादा लावण्याचे काम आता त्याच्याकडेच आहे.

हे सांगण्याचे कारण असे की अशा बिलात पैशाइतकेच कोणाचे तरी नाव जाते. मर्यादा ही कोणावर अविश्वास दाखवण्यासाठी नसते. नवख्या माणसाला निर्धास्तपणे काम करता यावे म्हणून ती असते.

सूचना वेगळी, मर्यादा वेगळी

पुढे जाण्यापूर्वी एक फरक मनात पक्का करा. सूचना म्हणजे इतका खर्च झाला हे कळवणारी ईमेल. मर्यादा म्हणजे इतक्याला गाडी थांबेल अशी व्यवस्था. घरातले रक्तदाबाचे यंत्र दाब किती वाढला ते सांगते, दाब कमी करत नाही. त्यासाठी गोळीच घ्यावी लागते. सूचना हे यंत्र आहे आणि मर्यादा ही गोळी.

अनेकांचा गोंधळ इथेच होतो. गूगल क्लाउडमध्ये महिन्याचे ‘बजेट’ ठरवता येते. पाचशे डॉलरचे बजेट टाकले की खर्च पाचशेवर थांबेल असे वाटते. तसे होत नाही. ते बजेट ५०, ९० आणि १०० टक्क्यांना ईमेल पाठवते आणि खर्च पुढे चालूच राहतो. ॲमेझॉनच्या बजेटचेही मूळ काम कळवणे हेच आहे. शिवाय खर्चाचे आकडे त्या खात्यात लगेच जमा होत नाहीत, काही तास मागे असतात. म्हणजे ईमेल आली तेव्हा झालेला खर्च ईमेलमधल्या आकड्याहून जास्तच असतो. नुसत्या सूचनेवर विसंबणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

बिगक्वेरी: वाचाल तितके द्याल

बिगक्वेरीच्या साध्या पद्धतीत मशीन किती वेळ चालली याचे पैसे नसतात. क्वेरीने किती माहिती वाचली, याचे असतात. अमेरिकेतल्या केंद्रांसाठी जुलै २०२३ पासून एका टेराबाइटला सव्वासहा डॉलर असा दर आहे. दर महिन्याचा पहिला टेराबाइट फुकट. साठवणीचे पैसे वेगळे, पण ते तुलनेने किरकोळ असतात.

आता गणित करू. समजा, दोन टेराबाइटचे एक टेबल आहे आणि त्यात चारशे दिवसांची विक्री आहे. सगळे टेबल वाचणारी क्वेरी एकदा चालली की साडेबारा डॉलर. ऐकायला फार नाहीत. पण हीच क्वेरी रिपोर्टमध्ये बसवली आणि रिपोर्ट दर पंधरा मिनिटांनी ताजा होऊ लागला, तर शुक्रवार संध्याकाळी पाचपासून मंगळवार सकाळी नऊपर्यंत अठ्ठ्याऐंशी तास होतात. तासाला चार म्हणजे ३५२ वेळा. साडेबाराने गुणा: ४,४०० डॉलर. ऑफिसात कोणीही नसताना! तीच क्वेरी पुन्हा चालवली तर बिगक्वेरी आधीचे उत्तर चोवीस तासांपर्यंत फुकट देते खरे, पण टेबलात नवी माहिती पडत असेल तर ती सवलत मिळत नाही.

याच कामाला दुसऱ्या वाटेने किती पडले असते? टेबल तारखेवार कप्प्यांत विभागले, म्हणजे पार्टिशन केले, तर आजच्या दिवसाचा कप्पा सुमारे पाच गिगाबाइटचा. त्यातले लागणारे रकानेच मागितले आणि ते पाचवा हिस्सा असले, तर एका वेळी जेमतेम एक गिगाबाइट. ३५२ वेळा मिळून ३५२ गिगाबाइट, म्हणजे महिन्याच्या फुकटच्या टेराबाइटातच काम भागले. माहिती तीच, उत्तर तेच.

इथे एक समज दूर करतो. क्वेरीच्या शेवटी ‘लिमिट १०’ लिहिले की दहाच ओळींचे पैसे पडतात असे अनेकांना वाटते. साध्या टेबलावर तसे होत नाही. तुम्हाला दहा ओळी दाखवण्यासाठीसुद्धा मागितलेले सगळे रकाने वाचले जातात आणि पैसे वाचनाचे आहेत.

आता मर्यादा कशा लावायच्या?

पहिली, क्वेरीपुरती. ‘मॅक्झिमम बाइट्स बिल्ड’ नावाची एक जागा सेटिंगमध्ये असते. तिथे शंभर गिगाबाइट टाका. अंदाज त्याहून मोठा निघाला तर क्वेरी चालतच नाही आणि पैसेही पडत नाहीत. शंभर गिगाबाइट म्हणजे सुमारे एकसष्ट सेंट. नवख्याची चूक एका डॉलरच्या आत राहते.

दुसरी, दिवसापुरती. संपूर्ण प्रोजेक्टसाठी आणि दर माणसासाठी रोजचा कोटा ठरवता येतो. प्रोजेक्टला रोज दोन टेराबाइट दिले तर दिवसाला साधारण साडेबारा डॉलर आणि तीस दिवसांचे ३७५. हा कोटा तराजूने तोलल्यासारखा काटेकोर नसतो, थोडा पुढे जाऊ शकतो. पण साडेबाराचे चव्वेचाळीसशे होत नाहीत. कोटा पॅसिफिक वेळेच्या मध्यरात्री नव्याने सुरू होतो, म्हणजे न्यूयॉर्क-न्यूजर्सीकडे पहाटे तीनला. दुपारी कोटा संपला तर दुसऱ्या दिवसापर्यंत काम थांबते, हे घरच्या मंडळींना आधी सांगून ठेवा.

तिसरी, टेबलापुरती. पार्टिशन केलेल्या टेबलावर ‘तारीख दिल्याशिवाय क्वेरी चालणार नाही’ अशी अट घालता येते. ती घालाच. आणि क्वेरी चालवण्याआधी ती किती वाचणार याचा आकडा पडद्यावर फुकट दिसतो. बाजारात भाव विचारल्याशिवाय आपण भाजी घेत नाही. इथेही तीच सवय ठेवायची.

स्नोफ्लेक: रिक्षाचे मीटर

स्नोफ्लेकचा हिशेब वेळेचा आहे. रिक्षा उभी असली तरी मीटर पडत राहते, तसा. तिथे काम करणाऱ्या मशीनलाच वेअरहाऊस म्हणतात, त्यामुळे नवीन माणूस आधीच गोंधळतो. सर्वांत लहान वेअरहाऊस तासाला एक क्रेडिट खाते, त्यावरचे दोन, मीडियम चार, लार्ज आठ, अशी प्रत्येक पायरीला दुप्पट. हिशेब सेकंदांवर होतो, पण प्रत्येक वेळी सुरू करताना निदान एका मिनिटाचे पैसे पडतात.

अमेरिकेतल्या बऱ्याच केंद्रांत एंटरप्राइज प्रकाराचे क्रेडिट, आगाऊ करार न करता घेतले तर, तीन डॉलरला पडते. मीडियम वेअरहाऊस म्हणजे तासाला बारा डॉलर. महिन्यात बावीस दिवस रोज सहा तास लागत असेल तर १३२ तासांचे १,५८४ डॉलर. तेच चालू राहिले, बंद करायला कोणी विसरले, तर तीस दिवसांचे ८,६४० डॉलर. काम एकच, फरक नळ बंद करण्याचा.

म्हणून पहिले काम म्हणजे ‘ऑटो सस्पेंड’. काम नसेल तर किती सेकंदांनी मशीन झोपेल, ते इथे ठरते. बहुतेक ठिकाणी साठ सेकंद पुरतात. इथे शून्य टाकले तर लगेच बंद होईल असे वाटते, पण त्याचा अर्थ ‘कधीच बंद करू नका’ असा आहे. लक्षात ठेवा.

दुसरे, एका क्वेरीची कमाल वेळ. कंपनीकडून येणारी मूळ वेळ १,७२,८०० सेकंद असते, म्हणजे पुरे दोन दिवस! दोन टेबले चुकीची जोडली गेली आणि क्वेरी दोन दिवस दळत बसली, तर मीडियमवर ५७६ डॉलर गेले आणि पीठ काही पडले नाही. छोट्या कंपनीने ही वेळ एका तासावर आणावी. खरोखरच लांब चालणाऱ्या रात्रीच्या कामासाठी वेगळे वेअरहाऊस ठेवून त्याला वेगळी वेळ द्यावी.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, ‘रिसोर्स मॉनिटर’. यात महिन्याचा क्रेडिटचा कोटा ठरवून कोणत्या टक्क्याला काय करायचे ते सांगता येते: नुसते कळवा, कळवा आणि चालू क्वेऱ्या संपल्यावर बंद करा, किंवा कळवा आणि ताबडतोब बंद करा. महिन्याला सोळाशे डॉलरची ऐपत असेल तर तीनने भागून साधारण ५३० क्रेडिट. मी ५० आणि ७५ टक्क्यांना कळवा, ९० ला सावकाश बंद आणि १०० ला ताबडतोब बंद, असे लावायला सांगतो. नव्वदला का? तर बंद होताना चालू असलेल्या क्वेऱ्या पुऱ्या होतात आणि त्यांचेही पैसे पडतात. तेवढी जागा सोडलेली बरी.

या मॉनिटरच्या तीन खाचाखोचा सांगतो, कारण लोक नेमके इथे अडतात. एक, मॉनिटर तयार करणे पुरेसे नाही, तो खात्याला किंवा वेअरहाऊसला जोडावा लागतो. नाहीतर तो भिंतीवरच्या देवळीत ठेवलेल्या कुलपासारखा आहे, दार उघडेच. दोन, त्याच्या ईमेल आपोआप सुरू नसतात. खात्याच्या मुख्य व्यवस्थापकाने आपल्या सेटिंगमध्ये त्या चालू कराव्या लागतात. तीन, हा मॉनिटर आपण उभ्या केलेल्या वेअरहाऊसवरच नजर ठेवतो. फायली आपोआप भरणाऱ्या स्नोपाइपसारख्या सेवा स्नोफ्लेकच्या स्वतःच्या मशीनवर चालतात. त्यांचा खर्च त्याच्या हाती नाही. त्यासाठी स्नोफ्लेकमध्ये ‘बजेट’ नावाची निराळी सोय आहे. ती महिनाअखेरीचा अंदाज बांधून आधी कळवते, मात्र ती स्वतःहून काही बंद करत नाही.

रेडशिफ्टबद्दल थोडक्यात

ॲमेझॉनच्या रेडशिफ्टचा ‘सर्व्हरलेस’ प्रकार २०२२ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्यात ताकदीचे माप आरपीयू आणि बिल आरपीयू-तासांचे. नवीन मांडताना मूळ ताकद १२८ आरपीयू धरलेली असते. दुकानाच्या हिशेबाला ती म्हणजे कोपऱ्यावरून दूध आणायला ट्रक काढण्यासारखी आहे. आठ आरपीयूवरही अनेक छोट्या कंपन्यांचे भागते. तिथून सुरुवात करा, कमी पडले तर वाढवा. दिवसाची, आठवड्याची किंवा महिन्याची मर्यादा लावून ती ओलांडल्यावर नुसती नोंद करायची, कळवायचे, की लोकांच्या क्वेऱ्या बंद करायच्या, हे निवडता येते. दिवसाच्या मर्यादेला ‘कळवा’ आणि महिन्याच्या मर्यादेला ‘बंद करा’ ही जोडी मला बरी वाटते.

आकडा कसा ठरवायचा?

अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरे, पण अंथरूण मोजायचे कसे? गेल्या तीन महिन्यांची बिले काढा. त्यांची सरासरी घ्या आणि त्यावर चौथा हिस्सा चढवा. ही सूचनेची रेघ. बंद करण्याची रेघ वेगळ्या प्रश्नावरून ठरवा: कोणत्या आकड्यानंतर पगार, भाडे किंवा घराचा हप्ता अडेल? त्याच्या बऱ्याच आधी ती हवी. खाते नवीन असेल आणि मागची बिले नसतील, तर मर्यादा मुद्दाम कमी ठेवा. काम अडले तर पाच मिनिटांत वाढवता येते. गेलेले पैसे तसे परत येत नाहीत.

ईमेल कोणाला जाते तेही पाहा. कंपनी सुरू करताना दिलेल्या आणि आता कोणीच न उघडणाऱ्या पत्त्यावर त्या जात असतील तर उपयोग शून्य. निदान दोन माणसे त्या यादीत हवीत. त्यातली एक कामाची माहिती असणारी आणि दुसरी पैशाची. अनेक घरी जमाखर्च वहिनी पाहतात. त्यांचे नाव त्यात असलेच पाहिजे. आणि दोघेही पुण्याला लग्नाला गेले असतील तेव्हा कोण पाहणार, हेही ठरवून निघा.

जे मोठ्या कंपन्यांत नोकरीला आहेत त्यांच्यासाठी एकच गोष्ट. मर्यादा काय आहेत, हे पहिल्याच आठवड्यात आपल्या साहेबांना ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. “मर्यादा नाहीत” असे उत्तर आले तर त्या लावण्याचा प्रस्ताव तुम्हीच द्या. यात कमीपणा काही नाही, उलट पुढच्या खेपेला पगारवाढीच्या वेळी सांगायला एक चांगले काम होते.

मुलांची खाती

कॉलेजातल्या मुलांना हे जरूर शिकू द्या, पोटापाण्याची विद्या आहे. गूगल क्लाउडवर नवीन खात्याला नव्वद दिवसांसाठी तीनशे डॉलरचे आणि स्नोफ्लेकवर तीस दिवसांसाठी चारशे डॉलरचे क्रेडिट मिळते. प्रोजेक्टला ते पुरते. खाते पैसे भरण्याच्या प्रकारात बदलण्याआधी मात्र तुम्हाला विचारायचे, असा घरात नियम करा. खात्याची गुप्त किल्ली प्रोजेक्टच्या फायलींत लिहून त्या सगळ्यांना दिसतील अशा जागी ठेवायच्या नाहीत, हेही बजावा. आणि कमी मर्यादेचे क्रेडिट कार्ड दिले म्हणजे झाले, असे समजू नका. कार्डाने नकार दिला म्हणून झालेले बिल माफ होत नाही, ते देणे म्हणून उभेच राहते.

तरीही मोठे बिल आलेच तर?

घाबरून खाते बंद करू नका. आधी काय चालू आहे ते थांबवा. मग क्वेऱ्यांची यादी काढा. कोणती क्वेरी, कोणाच्या नावावर, किती वेळा, हे तिन्ही ठिकाणी पाहता येते. ती छापून घ्या. त्याच दिवशी मर्यादा लावा. त्यानंतर बिल विभागाला लिहा: काय झाले, केव्हा थांबवले आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केले. अशा वेळी एकदा सवलत दिल्याची उदाहरणे आहेत, पण तो हक्क नव्हे. लवकर आणि पुराव्यासह लिहिणाऱ्याचे म्हणणे निदान ऐकले तरी जाते.

या सगळ्या कामाला एखादा शनिवार सकाळचा तास-दीड तास पुरेल. चहा घेऊन दोघे मिळून बसा, खाते उघडा आणि वरचे आकडे आपापल्या ऐपतीप्रमाणे टाका. दर लहानमोठ्या प्रमाणात बदलत राहतात, म्हणून गणित मांडताना त्या दिवसाचा दर पाहून घ्या. आणि कुठे अडलेच, तर पुढच्या कार्यक्रमात मला गाठा. जेवणाची रांग लांब असतेच, तेवढ्यात एखादा मॉनिटर नक्की लावून होईल.